मिशनच्या दवाखान्यात तीन आठवडे: जाऊन मी नेमकं करू काय?

पानसुपारी | ११ मे

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

माझ्या जिवलग मैत्रिणीची मुलगी डॉक्टर आहे. नगरचं मराठी ख्रिश्चन घर, मुलगी वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात) शिकलेली. मिशनच्या शिफारशीवर तिथे शिकलं की नंतर दोन वर्षं कुठल्यातरी मिशन हॉस्पिटलात काढायची असतात. त्या हिशेबाने ती सध्या नंदुरबार जिल्ह्यात आहे. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पेशंट बहुतेक भिल्ल, मावची, पावरा. दिवाळी झाली की अर्धी गावं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणून पावसाळ्यात गर्दी.

परवा फोनवर म्हणाली, "मावशी, व्हीआरएस घेऊन घरीच बसलीयेस ना? जुलैत तीन आठवडे ये." म्हटलं, बाई गं, मला साधी सुई बघितली तरी गरगरतं. तर म्हणे, "तू ये तर. काम आपोआप दिसेल."

एकोणतीस वर्षं बँकेत काढली. डॉक्टर नाही, नर्स नाही, ख्रिश्चनही नाही. घरात तीन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो जा, हवापालट होईल. सासूबाई म्हणतात, "जाशील गं, पण देव बदलून येऊ नकोस." आणि मुलगा म्हणतो ही गरिबी बघायची सहल आहे. तिघांचंही थोडं थोडं पटतं, हीच पंचाईत.

अशा ठिकाणी आमच्यासारख्यांचा खरंच उपयोग होतो, की नुसतं एक ताट वाढतं? कोणी गेलंय का?

ठसकेबाज | ११ मे

पहिला प्रश्न: तुमचा रक्तगट काय? निगेटिव्ह असेल तर जाताच उपयोग सुरू. (हलकेच घ्या.)

खानदेशी_भरीत | ११ मे

ठसकेबाज, चेष्टेत बोललात पण मुद्दा खरा आहे. आमच्या त्या पट्ट्यात सिकलसेल घरटी सापडतो. रक्ताच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, मग हातपाय, पाठ, छाती अशी दुखतात की जवान पोरगा गुडघे पोटाशी घेऊन रडतो. अशा पेशंटला वरचेवर रक्त चढवावं लागतं आणि गावातला नातेवाईक "रक्त दिलं की जोर जातो" म्हणून गुपचूप सटकतो. केंद्र सरकारने जुलै २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, शाळाशाळांत तपासण्या झाल्या, रंगीत कार्डं वाटली. कार्ड असतं, रक्त नसतं.

ताई, एक मात्र ध्यानात ठेवा. लहान दवाखान्यात रक्त काढून घेत नाहीत, फक्त साठवतात. द्यायचं तर जिल्ह्याच्या ब्लड बँकेत द्या. आणि जुलैत येताय तर छत्री नको, रेनकोट आणा. आमच्याकडे पाऊस आडवा येतो.

कोरडवाहू | ११ मे

आता मी वाईट होतो.

मिशनवाले सेवा करतात, मान्य. पण ती निरपेक्ष नसते. आजारी, घाबरलेला, पैसे नसलेला माणूस समोर झोपलेला आणि तुम्ही त्याच्या उशाशी उभे राहून प्रार्थना म्हणता. तो नाही म्हणेल? म्हणू शकेल? आमट्यांचं हेमलकसा १९७३पासून आहे, गडचिरोलीला बंग दांपत्याचं 'सर्च' १९८६पासून आहे. तिथे औषधासोबत देव येत नाही. सेवाच करायची तर तिकडे जावं ना.

सिस्टर_ताई | ११ मे

कोरडवाहू, मी स्वतः मिशनच्या नर्सिंग स्कूलमधली आहे. हिंदू. चार वर्षं रोज सकाळी चॅपलला बसले, अर्धा वेळ डुलक्या काढल्या. कोणी मला पाण्यात बुडवलं नाही.

पण तुमचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. आमच्या मेट्रनबाईंचा दंडक होता: आधी विचारायचं, "प्रार्थना करू का?" पेशंट नको म्हणाला तर नको. आणि नको म्हणणाऱ्याच्या ड्रेसिंगला एक मिनिटही उशीर झालेला दिसला तर त्या मुलीची ड्यूटी बदलायची. सगळीकडे अशा मेट्रन असतात असं मी म्हणणार नाही. नसलेल्याही पाहिल्यात.

अण्णा_मिरजकर | १२ मे

आम्ही मिरजकर. या विषयावर गप्प बसणं शक्य नाही.

विल्यम वानलेस हा तरुण डॉक्टर १८८९मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इकडे आला. मिरजेत हॉस्पिटल उघडलं १८९४ला. पुढे तिथे डॉक्टरही तयार व्हायला लागले. कर्नाटकातून, कोकणातून गाड्या भरभरून पेशंट यायचे. आज मिरजेत दर दोन घरांआड दवाखान्याची पाटी दिसते, त्याचं मूळ तिथे आहे. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्याच्याच नावाची, तिथे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं.

माझी आजी शुद्ध सोवळ्यातली. मिशनच्या दवाखान्यातून आली की अंगणातच लुगडं बदलायची, मग घरात. पण बाळंतपणं तिची आणि तिच्या तिन्ही सुनांची तिथेच. धर्म कोणाचाच बदलला नाही. बदललं एवढंच की, घरात पाणी उकळून प्यायला लागले.

कोरडवाहू | १२ मे

अण्णा, सुंदर. पण तुमच्या आजीकडे परत जायला घर होतं, अंगण होतं, सोवळं होतं. मी ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्याकडे यातलं काहीच नाही.

नगरी_नग | १२ मे

इथे जामखेड आल्याशिवाय धागा पुढे जाऊ नये असं माझं मत.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरचे, दोघंही ख्रिस्ती, १९७०मध्ये जामखेडला आले. त्याआधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम केलेलं. तिथे कळून चुकलेलं की आज बरी करून पाठवलेली पोरं पुढच्या पावसाळ्यात त्याच हगवणीने परत येतात. जामखेडला आले तेव्हा दुष्काळाची वर्षं. लोक म्हणाले, डॉक्टर नंतर, आधी पाणी आणि खायला द्या. मग विंधन विहिरी. आणि विहीर कुठे पाडायची तर दलित वस्तीत! जमिनीखालच्या पाण्याची खूण तिथलीच निघाली, दुसरीकडची काढायचीच नाही असं ठरवलेलं. अख्ख्या गावाला पाण्यासाठी तिकडे यावं लागलं. कोरडवाहू, तुम्ही म्हणता ते नाही म्हणण्याचं बळ असं येतं.

पुढे गावागावांतून बायका निवडल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, बऱ्याच दलित. त्यांना बाळंतपणं, वजनं, जखमा, सगळं शिकवलं. आज आपण आशाताई म्हणतो ना, २००५नंतरच्या, तिची थोरली बहीण जामखेडची. १९७९ला दोघांना मॅगसेसे मिळालं. मेबलबाई १९९९ला गेल्या, डॉक्टर २०११ला.

पानसुपारी, तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध काय? ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिने अख्खं गाव सांभाळलं. तुम्ही तर बँकेतल्या.

ठसकेबाज | १२ मे

म्हणजे कर्ज नामंजूर करण्याचा अनुभव आहे. मिशनला उपयोगी.

टोरंटोकर | १३ मे

माझी मुलगी इथे अकरावीत आहे, मेडिसिनला जायचं म्हणते. अशा अनुभवाला इथे अर्जात वजन असतं. उन्हाळ्यात भारतात येतोय तर दोन आठवडे तिला ठेवता येईल का? इंजेक्शन वगैरे द्यायला शिकायची तिची तयारी आहे.

वैद्यबुवा | १३ मे

टोरंटोकर, रागावू नका, पण तिला कोणाच्या दंडावर शिकायचंय? तुमच्या टोरंटोत अकरावीतली मुलगी इंजेक्शन देते का? नसेल देत तर नंदुरबारच्या माणसाची कातडी वेगळी नाही.

शिवाय नियम: परदेशी पासपोर्टवर, टुरिस्ट व्हिसावर पेशंटला हात लावता येत नाही. पदवी घेतलेल्या परदेशी डॉक्टरलासुद्धा नॅशनल मेडिकल कमिशनची तात्पुरती परवानगी लागते.

टोरंटोकर | १३ मे

ठीक. असं कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मुलीला वाचायला देतो.

वैद्यबुवा | १३ मे

तुम्ही मनाला लावून घेतलं नाहीत म्हणून स्वतःचंही सांगतो. हे आजवर फारसं कोणाला बोललो नाही.

नुकतीच एमडी झाली होती. एका संस्थेच्या शिबिरासोबत दहा दिवस डोंगरात गेलो. संस्था कुठली ते सोडा, चूक माझी होती. दिवसाला दीडदोनशे पेशंट. मी बीपी मोजत होतो आणि गोळ्या लिहीत होतो, एका महिन्याच्या. शेवटच्या दिवशी हारतुरे, ग्रुप फोटो. घरी येऊन आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो. एक म्हातारी रांगेत उभी. पुढे आली आणि पदराची गाठ सोडून गोळ्यांचं रिकामं पाकीट माझ्या हातात ठेवलं. माझंच. वर्षभर जपून ठेवलेलं, कडा मऊ पडलेल्या. म्हणाली, संपल्या, तुझी वाट बघत होते. डावा हात लुळा पडलेला होता. अकरा महिने गोळी नाही, आणि जवळ दुसरं कोण देणार याची मी जाताना चौकशीही केली नव्हती.

म्हणून तात्पुरत्या शिबिरांच्या मी विरुद्ध आहे. मोतिबिंदूसारखं एकदाच करून संपणारं काम असेल तर ठीक, तेही मागे टाके-चष्मा बघणारं कोणी असेल तर. पण पानसुपारी जिथे जाताहेत तो बारमाही चालणारा दवाखाना आहे. तिथे त्या गेल्या काय, न गेल्या काय, ओपीडी सुरूच राहणार. हे चांगलं आहे. आपल्यावाचून जे अडत नाही तिथेच नवख्याने जावं.

शेवंती | १३ मे

बुवा... दोनदा वाचलं.

पानसुपारी | १४ मे

सगळ्यांचे आभार. बुवा, तुमची पोस्ट वाचून तिकीट काढलं, हे उलटं वाटेल. आपण मध्यवर्ती नाही हे कळल्यावर हलकं वाटलं. कोरडवाहू, तुमचा प्रश्न सोबत घेऊन जातेय, डोळे उघडे ठेवीन. आल्यावर इथेच लिहिते.

ठसकेबाज | १४ मे

लिहिते म्हणणारे नव्वद टक्के परत येत नाहीत. धागा खूण करून ठेवतोय.

ठसकेबाज | १९ ऑगस्ट

धागा वर काढतोय. पानसुपारी, आहात का? की देव बदलला?

पानसुपारी | २१ ऑगस्ट

आहे, आहे. तीनाचे पाच आठवडे झाले, त्यात येऊन व्हायरलने झोपले. आता बसून लिहिते, मोठं होईल.

पहिले दोन दिवस मी खरंच एक जादा ताट होते. ओपीडीत उभी राहिले तर वाटेत येत होते. वॉर्डात मावशीबाई फरशी पुसत होत्या, मी मदतीला गेले तर त्यांनी फडकं हातातून काढून घेतलं. पेशंटशी बोलू म्हटलं तर भाषा कळेना. मी मराठीत विचारायची, "दुखतंय का?" ते म्हणायचे हो. "आता बरं आहे का?" हो. "जेवलात का?" हो. तिसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरीणबाई हसल्या, "मावशी, ते तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणताहेत."

मग औषधांचं स्टोअर दाखवलं. जुनी दगडी खोली, एका कोपऱ्यात गळती, त्याखाली टमरेल. फार्मासिस्ट एकच, तो सकाळी आठपासून खिडकीवर, त्याला मागे वळून बघायला उसंत नाही. खोकी छतापर्यंत. त्यात लोकांनी प्रेमाने पाठवलेली औषधं: अर्धी वापरलेली पाकिटं, परदेशी भाषेतली लेबलं, दोन महिन्यांत मुदत संपणारं कफ सिरप. दान आलेल्या औषधाला पोचताना निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, हे मला तिथे कळलं. टाकायचं म्हटलं तरी नाल्यात ओतता येत नाही, रीतसर नोंद करून विल्हेवाट लावायची. म्हणजे लोकांचं दान निस्तरायला एक माणूस खर्ची.

हे बघितलं आणि माझ्या अंगात ब्रँचचं वार्षिक क्लोजिंग संचारलं. तुम्ही हसाल, पण सुई बघून गरगरणारी मी एक्सपायऱ्यांच्या ढिगात सुखाने बसले. आधी संपणारं पुढे, नंतरचं मागे. प्रत्येक कप्प्याला कार्ड, आलं-गेलं-शिल्लक. फ्रिजमधलं वेगळं, कुलपातलं वेगळं. नऊ दिवस लागले. पट्ट्यांच्या खोक्यांमागे काचेच्या टेस्टट्यूबचे तीन न फोडलेले डबे सापडले. ते घेऊन बाहेर आले तर लॅबवाला मुलगा खुर्चीतून उठला. महिनाभर दुसरीकडून उसन्या आणत होते!

का, ते सांगते. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. तपासणी अगदी साधी: पेशंटचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग आडवी करून बघायची. वाहिलं तर विष चढलंय. नळी काचेचीच लागते. प्लास्टिकमध्ये चांगलं रक्तही नीट गोठत नाही, मग काय कळणार? लाखाची मशीन नसताना ही नळीच मशीन. आणि ती पट्ट्यांमागे पडलेली.

आता दुसरं. हे लिहू का नको ते ठरत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात पहाटे एक मुलगा आणला, बारातेरा वर्षांचा. मोटरसायकलवर, पुढे बाप, मागे काका, मध्ये हा. रात्री जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणाला, ओकला. आधी भगताकडे नेलं. मग पापण्या मिटायला लागल्या तेव्हा इकडे. मण्यार. जखम दिसतही नाही म्हणे, दुखतही नाही. आल्याआल्या सर्पविषाची लस सुरू केली, पण श्वास थांबत आला होता. घशात नळी घातली. व्हेंटिलेटर एकच, त्यावर आधीच एक बाई. मग उरला तो रबरी फुगा, हाताने दाबायचा. अँब्यू म्हणतात.

नातेवाईक आळीपाळीने दाबत होते. रात्री त्यांचेही हात गेले. दोन वाजता सिस्टर माझ्याकडे आली, "मॅडम, येता?" म्हटलं मला येत नाही. म्हणाली, "यात यायचं काय? दाबा, सोडा, मनात पाच म्हणा. छाती वर आलेली दिसली पाहिजे." दोन ते पावणेपाच मी बसले. बँकेत नोटा मोजताना एक ठेका लागतो हाताला, तो लागला. एकदा डोळा लागतोय असं वाटलं तर सिस्टरने न बोलता माझ्या मानेवर ओला रुमाल ठेवला.

सगळ्यात काय राहिलं असेल तर हे: ती सिस्टर दर थोड्या वेळाने वाकून त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायची. डोळे बंद, हात लुळे, मला वाटलं बेशुद्धच आहे. तर म्हणाली, "ऐकतोय तो सगळं. फक्त पापणी उचलता येत नाही त्याला. म्हणून वाईटसाईट बोलायचं नाही इथे." तिसऱ्या दिवशी त्याने भुवई हलवली. सहाव्या दिवशी नळी निघाली. आठव्या दिवशी मला बघून तोंड फिरवलं. पोरगाच तो, लाजला.

शेवंती | २१ ऑगस्ट

ताई, काटा आला.

वैद्यबुवा | २१ ऑगस्ट

मण्यारीच्या पेशंटबद्दल सिस्टर बोलली ते अगदी बरोबर. माझ्या शिक्षकांनी हेच शिकवलं, पण बोलताना मात्र मी अनेकदा विसरलोय. आणि जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर मण्यार आत येत नाही. डास आणि साप, दोन्हींना एकच उपाय.

खानदेशी_भरीत | २१ ऑगस्ट

आमच्याकडे मच्छरदाणी मिळाली की आधी मासे धरायला जाते, बुवा. नंतर उरली तर झोपायला.

कोरडवाहू | २२ ऑगस्ट

पानसुपारी, मनापासून सलाम. पण माझा प्रश्न सोबत नेला होतात.

पानसुपारी | २२ ऑगस्ट

नेला होता. जे दिसलं तेवढं सांगते.

रोज साडेसातला चॅपलमध्ये प्रार्थना, स्टाफची. ना. वा. टिळकांची भजनं, पेटी आणि झांजा. डोळे मिटले तर वारकऱ्यांत बसल्यासारखं वाटावं. मी दोनदा बसले, बाकी दिवस चहा प्याले, कोणी विचारलं नाही. वॉर्डात संध्याकाळी पाळकसाहेब फेरी मारायचे. "प्रार्थना करू का?" विचारायचे, हेही खरं. आणि "नको" म्हणताना मी पाच आठवड्यांत एकाच माणसाला ऐकलं, तो नंदुरबारचा व्यापारी होता. बाकी सगळे हो. मला म्हणायचे तसंच हो. तेव्हा तुमची आठवण झाली. तो हो कशाचा आहे, हे मला कळलं नाही आणि मी कळल्याचं सोंग आणणार नाही.

डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. ती म्हणाली, "मावशी, मी इथे का आले याचं उत्तर माझ्याकरता येशू हेच आहे, ते लपवू कशाला? पण तो येऊन कोणाला काय म्हणाला हे माझ्या केसपेपरवर लिहायचा रकाना नाही." मग पुढे म्हणाली, "बिल भरताना अडतं, तेव्हा तू खिडकीवर बस आणि बघ कोणाला किती सूट मिळते." बसले. आठवडाभर पावत्या पाहिल्या, ते काम तर मला येतं. सूट घरच्या परिस्थितीवर होती, गळ्यात काय आहे त्यावर नव्हती. परदेशी पैशाचीही वही दाखवा म्हटलं, माझी खोड. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीपासून ते पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरतात, कार्यालयीन खर्चाला वीस टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत. त्यांच्याकडे परदेशी पैसा मला वाटला होता त्याच्या पाव पण नव्हता. दवाखाना चालतो तो पेशंटच्या बिलांवर, म्हणूनच गळतीखाली टमरेल.

आणखी एक. त्या मुलाच्या पायात भगताने बांधलेला काळा दोरा होता. सलाईन लावताना, कॅथेटर घालताना, अंग पुसताना, आठ दिवसांत तो कोणी कापला नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली तेव्हाही तो तिथेच होता, आणि आईचा एक हात त्या दोऱ्यावर.

कोरडवाहू | २२ ऑगस्ट

पावत्यांचं पटलं. "हो"चं तुम्ही उघडं ठेवलंत तेही आवडलं. माझं मत फार बदललं नाही, पण मी तिथे गेलो नाही आणि तुम्ही पाच आठवडे राहिलात, एवढा फरक मान्य.

सिस्टर_ताई | २२ ऑगस्ट

तो दोरा न कापणारी सिस्टर कोण असेल ते न बघता सांगते: तिथलीच, त्याच समाजातली असणार.

पानसुपारी | २२ ऑगस्ट

सिस्टर_ताई, अगदी. शेजारच्याच गावची. तिचा सख्खा भाऊ सिकलसेलने गेला, म्हणून नर्सिंगला आली. आपण येतो, जातो. ती तिथेच.

नगरी_नग | २२ ऑगस्ट

अवांतर: मूळ प्रश्नाचं काय? उपयोग होतो की नाही?

पानसुपारी | २३ ऑगस्ट

माझा झाला तो स्टोअरचा. नऊ दिवसांचं काम, त्याला डॉक्टर लागत नव्हता, वेळ असलेला चिकट माणूस लागत होता. पुढच्या वेळी कोण लागेल म्हणून विचारून आले: ऑक्सिजनची आणि मॉनिटरची दुरुस्ती येणारा बायोमेडिकलवाला. वायरमन, प्लंबर. विमा-योजनांचे दावे भरणारा, कारण मंजुरी अडकून पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. छत बघणारा सिव्हिलवाला. फोटो काढणारे नकोत, पुष्कळ झालेत म्हणाले. आणि निदान तीन आठवडे. आठवडाभरात तर माणसाला संडासाची कडी कुठली नीट लागते एवढंच कळतं.

मी जानेवारीत परत जातेय, स्टॉक मोजायला. लावून दिलेलं टिकलं की विस्कटलं ते बघायचंय. विस्कटलंच असेल.

टोरंटोकर | २३ ऑगस्ट

मुलीने हा धागा पूर्ण वाचला, मराठी अडखळत. ती विचारतेय, काचेच्या टेस्टट्यूब इथून पाठवल्या तर चालतील का?

पानसुपारी | २३ ऑगस्ट

तिला गोड पापा सांगा. पण टोरंटोहून नको, निम्म्या फुटतील आणि कस्टमला मी उत्तर देत बसेन. नाशकात मिळतात. पैसे पाठवायचे म्हणाल तर परदेशी चलन परत त्या दिल्लीच्या शाखेतून फिरून येणार. त्यापेक्षा तिच्या पुण्याच्या आजीला सांगा, व्यनिने (खाजगी निरोपाने) पत्ता देते. साध्या, कोऱ्या, आतून काही न लावलेल्या हव्यात. दुकानदार हटकून प्लास्टिकच्या पुढे करतो, म्हणून आजींना नखाने टिचकी मारून बघायला सांगा.